अख्खा दाणा

सदाशिवरावांनी हात वर केला, तसा पूनमसिंगकाकांनी ट्रॅक्टर बंद केला. त्याला जोडलेलं मळणीयंत्र, आमचा हडंबा, थोडा वेळ आपल्याच तोऱ्यात फिरत राहिला आणि मग खडखडत थांबला. वावरात एवढं शांत झालं की उडालेलं कुटार, सोयाबीनचा भुसा, खाली बसताना ऐकू येईल असं वाटलं.

मी दाण्याच्या धारेखाली पोत्याचा कट्टा धरून उभी होते. तोंडाला दुपट्टा, वेणी मायनं कुडत्याच्या आत खोचलेली, पापण्यांवर बुरा. सदाशिवरावांनी माझ्या कट्ट्यात हात घातला, मूठभर सोयाबीन काढलं, फुंकर मारली आणि बाबांपुढे जाऊन उभे राहिले.

"मारोती, हात कर."

बाबांनी ओंजळ पुढे केली. सदाशिवरावांनी वरून दाणे सोडले.

"काय हाय हे?"

बाबा ओंजळीत पाहत राहिले. अर्धे दाणे दुभंगले होते. साल एकीकडे, पाकळ्या एकीकडे.

"मी तुले सोयाबीन काढाले बोलावलं, बावा. डाळ भरडाले जातं हाय माह्या घरी."

गंजीवर पेंढ्या उचलणारे पोट्टे हसले. एक जण म्हणाला, "वरन करा आता, काका." दाणे खाली टाकावेत की हातातच ठेवावेत हे बाबांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी ते खिशात घातले.

"अर्धी गंजी बियाण्याची हाय माही," सदाशिवराव म्हणाले. "हे पेरलं तर वावरात काय उगवन? नेऊन टाका तुमची मशीन. मी ढाणकीवाल्याले सांगतो."

"जाळी पाहतो, भाऊ. चाळणी बदलून पाहतो. उद्या सकाळी..."

"उद्या पानी आलं तर? तुमच्या शिकवणीसाठी माही गंजी हाय काय?"

एवढं बोलून ते बांधाकडे गेले. पूनमसिंगकाकांनी हडंबा जोडून ट्रॅक्टर फिरवला. बोनेटवर दसऱ्याचा हार अजून लटकत होता. हा ट्रॅक्टर त्यांनी यंदाच घेतला होता, कुणाचा तरी वापरलेला, पण आधीच्यापेक्षा पुष्कळ चांगला. मीटरचा काटा तेवढा पहिल्या मालकाकडेच झोपला होता. हडंबा आमचा आणि ट्रॅक्टर त्यांचा, असा दोघांचा जोड मला समजायला लागल्यापासून चालत आला होता. हंगामात दोघं गावोगाव फिरायचे. सोयाबीन, मग तूर, मग हरभरा. आमच्याकडे शेत नाही. आमचं शेत म्हणजे हा हडंबा, असं माय म्हणते.

आणि सदाशिवरावांची गंजी हे या हंगामाचं पहिलं काम होतं.

घरी आल्यावर बाबांनी जेवण केलं नाही. अंगणात हडंब्याचे नट खोलत बसले. मी पाने देत होते. जाळी काढली, घासली, बसवली. चाळणी बदलली. ड्रमच्या दातांवर बोट फिरवून पाहिलं. पाना सटकला आणि त्यांच्या बोटाची सालटी निघाली, तेव्हा मी घरातून पांढऱ्या चिकटपट्टीची गुंडाळी आणून बोट बांधून दिलं.

"काही दिसून नाही राह्यलं," ते म्हणाले. "सगळं जागच्या जागी हाय. मंग दाना काहून फुटते?"

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या एका शेतकऱ्याकडे गेलो. तिथंही तेच. त्यानं तर आम्हाला चहासुद्धा दिला नाही. संध्याकाळपर्यंत ज्यांनी ज्यांनी आमची वाट पाहतो म्हणून सांगितलं होतं, त्यांचा निरोप यायला लागला. कुणी म्हणे गंजी ओली आहे, कुणी म्हणे घरी पाहुणे आहेत. सगळ्यांच्या गंज्या एकाच दिवशी कशा ओल्या झाल्या, ते मी विचारलं नाही.

माय कापूस वेचून आली. कमरेला बांधलेली कापसाची झोळी, ओटा, सोडत तिनं बाबांकडे पाहिलं.

"काय म्हनते मशीन?"

"म्हातारी झाली," बाबा म्हणाले. "दिग्रसचा भंगारवाला मांगच मागत होता. देऊन टाकतो. पूनमसिंगले दुसरा हडंबावाला भेटन. मी जातो जिनिंगवर गाठोडे उचलाले."

"आन खोकला? त्या कापसाच्या बुऱ्यात दोन दिवस नाही टिकत तुमी."

"मंग काय करू, कौसल्या?"

मायच्या बोटांना कापसाच्या बोंडांनी ओरखडे पडले होते. ती ते पदरानं पुसत राहिली. मला हडंब्याकडे पाहवेना. आमच्या अंगणात तो नसेल तर तिथं काय असेल, हे डोळ्यांपुढे येईना.

आता फोनचं सांगते. आमच्या घरात एकच फोन, तो बाबांचा. मी महागावला अकरावी सायन्सला आहे. कॉलेजच्या ग्रुपवर सरांचे व्हिडिओ येतात, म्हणून संध्याकाळी तो माझ्याकडे असतो. पण घरात रेंज नाही. अंगणातल्या हडंब्यावर चढलं की दोन काड्या येतात. त्यामुळे माझं निम्मं फिजिक्स हडंब्याच्या टपावर झालेलं आहे. दिवाळीच्या सुट्ट्या होत्या, तरी मी तिसऱ्या दिवशी सकाळी वर चढले. बाबांच्या फेसबुकवर मळणीवाल्यांचा एक गट होता. पूनमसिंगकाकांनी कधीतरी त्यांना त्यात घातलं होतं. बाबांनी तो एकदाही उघडला नव्हता. 'फोन पाहू पाहू डोये फुटतीन' हे त्यांचं फोनबद्दलचं एकूण मत.

मी लिहिलं. 'नमस्कार, सोयाबीनची डाळ होऊन राहिली आहे. जाळी, चाळणी, दात सगळं पाहिलं. कोणी सांगेल का?' सोबत बाबांच्या खिशातले तेच फुटके दाणे तळहातावर घेऊन फोटो टाकला. नाव अर्थातच बाबांचं गेलं. फोटोही बाबांचाच, मिशीवाला.

भाकर खाऊन परत वर चढले तर खाली उत्तरांची रांग लागली होती. एक म्हणे दाणा जास्त वाळला, पाणी शिंपडा. दुसरा त्याला म्हणे, पाणी शिंपडून बुरशी लावतो काय, तुझ्या घरचं आहे काय. तिसरा म्हणे मारोतीभाऊ, आयता धंदा भेटला, डाळ विका. त्याला पुष्कळ हसणारे चेहरे मिळाले होते. हिंगोलीकडच्या एका वयस्क काकांनी शांतपणे लिहिलं होतं, 'भाऊ, ड्रम जोरात फिरत असंल. रेस कमी करून बघा. रेस कमी केली की वारा कमी पडतो आणि कुटार दाण्यात येतं, तेव्हा पंख्याची झडप थोडी उघडायची.' मी ते दोनदा वाचलं.

आणि त्याच्या खाली रिसोडकडच्या ज्ञानदेवभाऊंनी नुसते प्रश्न विचारले होते. 'ट्रॅक्टर मागच्याच वर्षीचा आहे का? मीटर काय दाखवतं? चालू मशीनचा आवाजासकट व्हिडिओ आहे का?'

मी खाली उतरून बाबांकडे गेले. ते पट्ट्याला हात लावून बसले होते.

"बाबा, ड्रम जोरात फिरून राह्यला असन काय?"

"नाही."

"कशावरून?"

"आवाजावरून," ते म्हणाले. "तू नोयती तवापासून मी आवाजावर चालवतो. रेस किती पायजे हे मले कानानं समजते. दरसाली जेवढा आवाज ठेवतो तेवढाच ठेवला. कोन म्हनलं हे?"

"गटावर. एक काका हायेत हिंगोलीचे."

"त्यायनं हिंगोलीत बसून माहा हडंबा आयकला काय?" बाबा उठून पाणी प्यायला गेले. मला वाईट वाटलं, पण ज्ञानदेवभाऊंचा पहिला प्रश्न डोक्यातून जाईना. ट्रॅक्टर मागच्याच वर्षीचा आहे का?

मी परत वर चढले. लिहिलं, 'ट्रॅक्टर बदलला. मीटर बंद आहे.' लगेच उत्तर आलं, 'फोन करू का? लिहून सांगता येत नाही.' नंबर दिला आणि फोन वाजला.

"हॅलो, मारोतीभाऊ आहेत का?" पलीकडे एका मुलीचा आवाज.

"मी... म्हणजे ते खाली आहेत. लिहीत मीच होते. मी त्यांची मुलगी, पायल. ज्ञानदेवभाऊंना द्या ना फोन."

ती एवढी हसली की फोन कानापासून दूर धरावा लागला.

"अगं, मी त्यांची मुलगी. सुरभी. बाबा तर वावरात आहेत. त्यांच्या नावानं मीच लिहिते. पोरीच्या नावानं लिहिलं की लोक म्हणतात, ताई, भाकरी करा."

मीपण हसत सुटले. हडंब्याच्या टपावर, उन्हात, एकटीच. दोन मिशीवाले बाप्ये सकाळपासून ड्रम आणि जाळीवर बोलत होते आणि त्या दोघी आम्ही निघालो.

सुरभी डिप्लोमा करते, मशिनरीचा. तिच्या घरीही हडंबा आहे. तिनं मला एकच काम सांगितलं. मशीन बंद असताना ड्रमच्या पुलीवर पांढरी पट्टी चिकटव. मग मशीन चालू करायला सांग, लांब उभी राहा आणि फोनवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घे. पट्टी किती वेळा वर येते ते मोज. "तुला फिजिक्समध्ये फेऱ्यांचं आलंच असेल की," ती म्हणाली. आलं होतं. ते खऱ्या चाकाचं असतं, हे मात्र मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मोजून झाल्यावर सोयाबीनला किती फेरे लागतात, तेही तिनं सांगितलं.

पण मशीन चालवायला गंजी पाहिजे होती, आणि आम्हाला गंजी कोण देणार?

तुळसाबाईनं दिली. तुळसाबाई आमच्याच गल्लीतली. नदीकडे तिचा एक तुकडा आहे, त्याची एवढीशी गंजी. मी तिच्याकडे जाऊन खरं ते सांगितलं, की मशीन दाणा फोडते, तपासून पाहायचं आहे, थोड्याच पेंढ्या लागतील.

"माह्या गंजीवर शिकतं काय वं तू?" ती म्हणाली.

"हाव."

"मंग ये. तसंही मले डाळच खा लागते."

बाबा यायला तयार नव्हते. मायनं त्यांना उठवलं. "भंगारात द्याच्या पहिले पोरीचं एक आयका. भंगारवाला काही पळून नाही चालला." पूनमसिंगकाका ट्रॅक्टर घेऊन आले. मी बाबांच्या बोटासाठी आणलेल्या त्या गुंडाळीची पट्टी तोडली, पुलीवर दाबून बसवली आणि मागे सरले.

"रेस द्या," बाबा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, मान थोडी वाकडी केली. पूनमसिंगकाका रेस वाढवत गेले. बाबांनी नेहमीच्या ठिकाणी हात वर केला. ट्रॅक्टर गर्जत होता, हडंबा थरथरत होता, तुळसाबाईच्या पेंढ्या आत जात होत्या. मी व्हिडिओ घेतला.

मशीन थांबवल्यावर आम्ही सगळे फोनभोवती जमलो. पडद्यावर पुली आळसावल्यासारखी फिरत होती. पट्टी वर आली, खाली गेली, वर आली. मी मोजत होते. पुन्हा मोजलं. मग बाबांना मोजायला दिलं. पाहिजे त्याच्या जवळजवळ दीडपट.

"फोन चुकते," बाबा म्हणाले.

"फोन चुकत असन," मी म्हणाले, "पन दाना फुटला हाय."

बाबांचा चेहरा पडला. मला माझे शब्द परत घ्यावेसे वाटले. तेवढ्यात पूनमसिंगकाका डोक्यावरचा रुमाल काढून मान खाजवत म्हणाले, "मारोती भिया, एक सांगू? माहा जुना ट्रॅक्टर लई बोंबलत होता. घरात बसून तांड्याले समजे की पूनमसिंग निंघाला. हा बोलतच नाही. तुमी हात वर कराची वाट पाहत मी रेस देतच राहतो, देतच राहतो."

बाबा त्यांच्याकडे पाहत राहिले. मग ट्रॅक्टरकडे. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि हसायला लागले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"म्हंजे मी त्या जुन्याचा आवाज याच्यातून काढून राह्यलतो?"

"हाव ना."

"आन हा बिचारा ओरडाले लागेपर्यंत मी याले पळवला."

आता त्यांना थांबवणं कठीण होतं. "पायल, तू मोज. पूनमसिंग, रेस कमी." मी व्हिडिओ घेई, मोजी, बोटांनी अजून कमी अशी खूण करी. काका थोडी रेस उतरवत. पुन्हा व्हिडिओ. जेव्हा फेरे सुरभीनं सांगितले तेवढे झाले, तेव्हा मी दोन्ही हात वर केले. बाबा हडंब्याच्या जवळ गेले, डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले. ऐकत. त्यांचे ओठ हलत होते. शाळेत पोरं कविता पाठ करतात तसे.

"झाला ध्यानात," ते म्हणाले. "लावा पेंढ्या."

पहिली धार आली ती कुटारानं भरलेली. तुळसाबाई म्हणाली, "हे काय वं, आता गुरायले खाऊ घालू काय?" पण ते मला ठाऊकच होतं. हिंगोलीचे काका. मी बाबांच्या कानाशी ओरडून सांगितलं. त्यांनी पंख्याची झडप बोटभर सरकवली. कुटार पलीकडे उडायला लागलं आणि माझ्या कट्ट्यात पिवळा, गोल, अख्खा दाणा पडू लागला. नुसता दाणा. मी कट्टा धरायचा सोडून त्यात दोन्ही हात घातले. गरम होता.

तुळसाबाईनं एक दाणा दातांत धरून फोडला. "आता माह्या दातानंच फुटते," ती म्हणाली. हेच ती गल्लीत बोलली म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर झालंच.

झालंही. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ महागावच्या बाजूनं काळं व्हायला लागलं. ढाणकीवाल्याची मशीन तीन गावं मागं अडकली होती. सदाशिवराव स्वतः आले नाहीत. गडी पाठवला. गडी म्हणाला, "मालकानं इचारलं, येता काय?"

मला वाटलं, बाबांनी जरा वेळ घ्यावा. जेवतो म्हणावं, पाहतो म्हणावं. माय पण तेच पाहत होती. बाबांनी पायात चपला घातल्या.

"गंजीनं काय केलं आपलं?" ते म्हणाले. "चाल, पायल. फोन घे."

त्या दुपारी आम्ही जसं काम केलं तसं मी कधी केलं नाही. माय कापूस सोडून आली होती, ती पेंढ्या ओढत होती. ते हसणारे पोट्टे आता तोंड बंद करून गंजीवर नाचत होते. वारा सुटला. ताडपत्री फडफडायला लागली. पट्टी अजून पुलीवरच होती. मी मधूनमधून व्हिडिओ घेऊन मोजायची आणि बाबांकडे पाहायची. प्रत्येक वेळी ते माझ्या खुणेच्या आधीच काकांना हात करायचे. एकदाही चुकले नाहीत. मग मी मोजणं सोडून दिलं आणि कट्टे शिवायला गेले.

बियाण्याची गंजी लागली तेव्हा सदाशिवराव धारेजवळ येऊन उभे राहिले. त्यांनी कट्ट्यात हात घातला, मूठ काढली, फुंकर मारली. दाणे बोटानं इकडंतिकडं केले. पुन्हा दुसरी मूठ काढली. मग बाबांपुढे गेले. बाबांनी न सांगता ओंजळ पुढे केली.

सदाशिवरावांनी दाणे सोडले.

"हे चालते बियाण्याले," ते म्हणाले. मग हात झटकत, "काय केलं बा तुमी?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तिले इचारा. मले आयकाले तेवढं येते."

सदाशिवरावांनी मला विचारलं. मी चेहऱ्यावरचा दुपट्टा खाली घेतला आणि सांगितलं. ट्रॅक्टर, आवाज, पट्टी, फेरे, सगळं. बोलताना माझा आवाज जरा मोठाच लागला, मशीन चालू होती ना. आणि चालू नसती तरी मी तेवढ्याच मोठ्यानं बोलले असते. ते ऐकत होते, मध्ये 'हं' म्हणत होते. गड्याला म्हणाले, "पोरीले पानी दे."

शेवटचा कट्टा ट्रॉलीत पडला, ताडपत्रीच्या दोऱ्या बांधल्या आणि मग टपटप सुरू झाली. पोट्टे भिजत नाचले. पूनमसिंगकाकांनी तो दसऱ्याचा वाळका हार काढून हडंब्याला घातला. बाबा म्हणाले, "काहून, त्याचं लगन हाय काय?" पण काढला नाही.

पाऊस उघडल्यावर घरी येऊन, उजेड होता तोवर मी हडंब्यावर चढले. अख्ख्या दाण्यांनी भरलेल्या ओंजळीचा फोटो गटावर टाकला, बाबांच्याच ओंजळीचा. हिंगोलीच्या काकांनी लिहिलं, 'मारोतीभाऊ, गड जिंकला.' त्या डाळ विका म्हणणाऱ्यानंही अंगठा दाखवला. आणि खाली किनवटकडच्या एकाचा नवा प्रश्न होता. 'मारोतीभाऊ, माझी पण डाळ होत आहे. तुम्ही काय केलं ते सांगा ना.'

मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. बाबा खाली हातपाय धूत होते. ते ओल्या पायांनी लोखंडी पायऱ्या चढून वर आले, माझ्या शेजारी बसले.

"यात बोलता येते म्हनते ना?"

"हाव. हे दाबून धरा आन बोला."

त्यांनी फोन तोंडाजवळ धरला, घसा साफ केला. कधी सभेत बोलले नसतील, पण तसे ताठ बसले.

"जय भीम, भाऊ. मी मारोती बोलून राह्यलो, महागाव तालुका. आतापर्यंत तुमच्याशी जे मारोतीभाऊ बोलले ते मी नोयतो. माही पोरगी पायल होती. हडंबा तिनं नीट केला. आन जे रिसोडचे ज्ञानदेवभाऊ हायेत ते बी पोरगीच हायेत, सुरभी नाव हाय. तवा इचाराचं असन ते या दोघींले इचारा. या सांगतीन."

बोट सोडलं. संदेश गेला. बाबांनी फोन माझ्या हातात दिला, जसा पाना देतात तसा.

पडद्यावर ज्ञानदेवभाऊंचं नाव चमकलं, सुरभीनं नुसतं लिहिलं होतं, 'अगं बाई.' मी हसले. मग माझं स्वतःचं खातं उघडलं, माझं नाव, माझा दोन वेण्यांचा फोटो, आणि किनवटवाल्या दादाला माझा पहिला प्रश्न लिहिला.

'दादा, यंदा ट्रॅक्टर बदलला का?'